लाभापासून मोजणी

पुस्तकं गाळ्याच्या पत्त्यावर आली,
दिवसा घरी कुणी नसतं.
कुरियरवाल्याने खोकं बटाट्याच्या थप्पीवर ठेवलं
तेव्हा गेनबा म्हणाला,
ताई, ह्याची हमाली कुणाच्या नावावर?

तीन वर्षांची पदवी.
माहिती प्रणाली आणि व्यवस्थापन.
बिबवेवाडीतून मार्केट यार्ड चालत वीस मिनिटं,
विद्यापीठ किती लांब ते मला अजून माहीत नाही.
फी गेली, पावती आली,
आणि एक अकरा आकडी नंबर आला
जो मी आता झोपेतही सांगते.
नाव विचारलं तर थांबते:
दाखल्यावरचं, की लग्नानंतरचं?

दुपारी दीडनंतर यार्ड निवतं.
लिलाव संपलेला, झुंबरशेठ जेवायला,
शेतकऱ्यांच्या पट्ट्या छापून झालेल्या.
मी लॅपटॉप उघडते.
कीबोर्डात कांद्याची सालं अडकलीत,
एक बटण दाबलं की कुरकुरतं.
व्हिडिओतला माणूस सव्वापट वेगाने सांगतो
की रिकामं म्हणजे शून्य नव्हे.
शून्य म्हणजे मोजलं, आणि काही नव्हतं.
रिकामं म्हणजे कुणी मोजलंच नाही.

सकाळी सासूबाईंनी विचारलं होतं,
पास झालीस तर पगार किती वाढेल?
तो रकाना मी रिकामा ठेवलाय.
शून्य लिहिलेलं नाही.

पहिला स्वाध्याय:
आपल्या परिचयाच्या संस्थेतील एका माहिती प्रणालीचे वर्णन करा.
मी गेनबा लिहिला.
गाडी खाली होताना तो फाळक्याशी उभा राहतो,
एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.
लाभ, दोन, तीन, चार,
दर वीस पोत्यांना एक चिंचोका
डाव्या खिशातून उजव्या खिशात.
चाळीस वर्षं.
पासवर्ड नाही, बॅकअप नाही,
खिसा उसवला तर तुळसाबाई टाके घालून देते.
चार पानं झाली, रात्री, भांडी घासून.

उत्तर आलं, खाली नुसती आद्याक्षरं, वि. भा.
लेखन चांगले. परंतु ही प्रणाली नव्हे.
आकृती कुठे? संदर्भ?

मग चौकोन काढले. बाण काढले.
गेनबाला इनपुट म्हटलं,
चिंचोक्यांना तात्पुरती साठवण.
वीसपैकी चौदा.

आकृती त्याला दाखवली.
कागद नाकाशी धरून बराच वेळ बघत राहिला,
म्हणाला, ह्यात मी बसलोय का उभा?

मार्चमध्ये चाकणहून कांद्याची गाडी आली.
ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर दोनशे बारा,
म्हणून माझ्या पडद्यावरही.
गेनबाच्या खिशात दहा चिंचोके, वर अकरा.
शेठ म्हणाले, काय ते एक ठरवा,
माणूस पट्टीसाठी थांबलाय.
माणूस खरंच थांबला होता,
टोपी काढून, कॅल्क्युलेटरकडे बघत.

मी मागे जाऊन थप्पी मोजली.
दोनदा.
दोनशे बारा.

गेनबाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय
हे यार्डात मला माहीत होतं,
आणि बहुतेक त्याला.

बाहेर येऊन मी शेठना म्हटलं,
बाराच. गेनबा बाराच म्हणाले होते,
मीच अकरा ऐकलं.
पट्टी बरोबर निघाली.
गेनबा काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी फाळक्याच्या
हातभर जवळ उभा राहिला, एवढंच.

परीक्षेचं केंद्र हडपसरच्या एका शाळेत.
बाक पाचवीच्या पोरांचे,
गुडघे फळीला टेकतात,
फळीवर कर्कटकाने कोरलंय: साहिल वेडा आहे.
प्रश्न चौथा, गुण आठ.
नोंदीचा स्रोत विश्वासार्ह राहावा
यासाठी कोणती काळजी घ्याल?

पेन थोडा वेळ हवेत.
मग पुस्तकातले मुद्दे लिहिले, क्रमाने,
सगळे पाठ होते.
खोटं त्यात एकही नव्हतं.

पुरवण्या बांधायला दोरा मिळाला.
किती झाल्या ते वर लिहायचं असतं.
मी मोजायला लागले,
लाभ, दोन, तीन…

पर्यवेक्षक बाई वाकल्या.
काय म्हणालात?